कुलूप घातलेले काटे

गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच सांगायचं, "सर, पोती भरायच्या मशीनचा कंट्रोलर गेलाय. नवा पाहिजे." दुसऱ्या कुणी लगेच दर सांगितला असता. सर चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बटणं कोण दाबतं?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही तर दाबत नसणार. तुम्ही गादीवर बसता. मशीनपाशी कोण असतं?"

"हाय एक जण. पण त्याला काय कळतंय कंट्रोलरमधलं?"

"त्यांना घेऊन या. नाहीतर मी येतो. तोवर दर नाही सांगणार."

बरीच गिऱ्हाइकं तिथूनच मागं फिरायची. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, कारण गिऱ्हाईक नसलं की सर मला जुने कंट्रोलर उघडून बुरशी पुसायला बसवायचे.

नांदेडच्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. आधी ते तंत्रनिकेतनात शिकवायचे. नोकरी का सोडली याचं कारण ते दर वेळी वेगळं सांगत. डिप्लोमा होऊन, लग्न होऊन, मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर मी त्यांच्याकडं कामाला लागले आणि बरीच वर्षं राहिले. आता माझं स्वतःचं तेच काम आहे. सरांचा विषय निघाला की मी त्यांच्या गमती सांगते, लोक हसतात आणि विषय संपतो. आज गमतींवर थांबायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. पण सुरुवात गमतींपासूनच करते. मला तेवढंच सोपं जातं.

काटा म्हणजे काय, हे सर नव्या माणसाला लग्नाच्या भाषेत सांगायचे. लोखंडाच्या पायाशी सेल, म्हणजे वजन जाणणारे लोखंडी ठोकळे, असतात. त्यांच्यावर ओझं पडलं की बारीकसा सिग्नल निघतो. तो वाचून आकडा दाखवायचा आणि पोतं भरलं की झडप बंद करायला लावायची, हे कंट्रोलरचं काम. सेल किती, सिग्नल केवढा, हे दोघांचं जमलं पाहिजे. एकदा भोकरच्या एका शेठनं स्वस्तातला कंट्रोलर परस्पर आणला आणि जोडून द्या म्हणाला. सरांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "शेठ, मुलीकडचे चार जण येणार आणि या नवरदेवाच्या घरात दोन पाटच आहेत. वरात दारातूनच परत जाणार."

"मंग आता?"

"आता काय. हळद लागली नाही तोवर मोडा."

आकड्यांच्या बाबतीत ते फार कंजूष. हळदीचे एक व्यापारी दशांशाच्या पुढं आणखी एक घर दाखवणारा कंट्रोलर मागत होते. शेजारच्या आडत्याकडं होता म्हणून. सर म्हणाले, "तुम्ही हळद विकता का सोनं? शेवटचं घर पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा हलतं. हमाल म्हणणार उतरलं, तुम्ही म्हणणार चढलं. जास्तीचा आकडा म्हणजे जास्तीची भांडणं. भांडणं मी विकत नाही."

धर्माबादला मिरचीच्या एका आडतीवर आम्ही गेलो तेव्हाची गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगितली आहे. आडत्याला हैदराबादेत पाहिलेला, काचेवर बोट फिरवायचा कंट्रोलर हवा होता. सर शिंकत शिंकत काट्यापाशी गेले. तिथल्या हमालदादांना म्हणाले, "हात दाखवा." दादांनी बिचकत हात पुढं केले. मनगटापर्यंत लाल. सरांनी ते हात आपल्या हातात घेऊन बोटं मोडून वाकवून पाहिली, मग त्यांची कोपरं पाहिली. कंट्रोलर बसवला तो जाड रबरी बटणांचा, लांबून दिसणाऱ्या आकड्यांचा, आणि खांबावर नेमका दादांच्या छातीच्या उंचीवर.

"बोटांनी दाबू नका," सर म्हणाले. "मिरची बटणात जाते, मग डोळ्यात जाते. कोपरानं दाबून बघा."

आडत्या म्हणाला, "कोपरानं दाबायचं मशीन पयल्यांदाच बघून राहिलो मी."

"तुम्ही बघू नका. तुम्हाला दाबायचं नाहीये."

तिथून येताना सरांनी नकळत डोळे चोळले आणि उमरी येईपर्यंत एसटीत रडत होते. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "कोन गेलं त्यांचं?"

ते स्वतः कधी काट्यावर उभे राहिले नाहीत. अंगानं भरलेले होते, त्यामुळं हमाल लोक आग्रह करायचे. सर म्हणत, "माझं वजन मला कळलं की मी त्याच्यावरच काटे तपासायला लागेन. मग जेवून आलो की जिल्ह्यातले सगळे काटे चुकीचे ठरतील."

काटा बसवला की लगेच निघणं त्यांना माहीत नव्हतं. घडीची खुर्ची आणि भाकरीचा डबा सोबत असायचा. मशीनसमोर खुर्ची टाकून एक अख्खी पाळी बसायचे. शेठनं ऑफिसात जेवायला बोलावलं तरी जात नसत. आकडा थरथरायला लागला की नवशिके कंट्रोलरमधलं फिल्टर वाढवतात. आकडा शांत होतो, पण त्याला सगळं उशिरा कळायला लागतं आणि पोतं भरून सांडतं. सर मला म्हणायचे, "थरथरतोय म्हणून त्याला गप्प करू नका. कशानं थरथरतोय ते बघा."

आणि पासवर्ड. सेटिंग बदलायला कंट्रोलरला पासवर्ड लागतो. बाकीचे लोक तो शेठला देतात किंवा स्वतःकडं ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं राहतं. सर तो मशीनवरच्या माणसाला द्यायचे. शेठनं कुरकुर केली तर म्हणायचे, "तुमच्या घरातल्या गॅसची चावी माझ्या खिशात ठेवली तर स्वयंपाक कोण करणार?"

आता लातूरच्या डाळमिलविषयी.

सर दर नवरात्रात माहूरला जायचे आणि देवीपाशी ठेवलेला लाल दोरा घेऊन यायचे. खंडेनवमीला मिलमधली यंत्रं धुऊन पुसून पुजतात. मग ती बंदच ठेवायची, दसरा झाला की सुरू करायची. सर आपण बसवलेल्या एखाद्या काट्याच्या पूजेला दर वर्षी जात. त्या वर्षी लातूरला गेलो. पोती भरायच्या मशीनवर निलंग्याकडचे एक मामा होते. मशीन त्यांनी स्वतः पुसून आरशासारखं केलं होतं. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, नारळ फुटला. मग सर खाली वाकले आणि देवीचं नाव घेत माहूरचा दोरा हॉपरच्या कडीला आणि शेजारच्या चौकटीला मिळून गुंडाळला. वेढ्यावर वेढे दिले, ओढून गाठ मारली. असा दोरा कुणी काढत नाही. तो झिजून आपोआप पडू द्यायचा असतो.

ज्यांनी काटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डाळ ज्यात मोजली जाते तो हॉपर सेलवर अगदी मोकळा लटकायला हवा. त्याला बाजूच्या लोखंडाचा जराही आधार मिळाला तर तेवढं वजन कंट्रोलरला कळतच नाही. सरांनी हेच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण त्यांच्या हातात त्या वेळी देवीचा दोरा होता, आणि देवीचा दोरा हा काही दोन लोखंडांमधला दोर नव्हे.

दसरा झाला, मिल सुरू झाली आणि शेठचा फोन आला. पोती कमीजास्त भरत होती, बहुतेक जास्तच. आम्ही गेलो. सरांनी वजनं ठेवून काटा जुळवला. थोडा वेळ बरोबर, मग परत तेच. वायरी तपासल्या, अर्थिंग तपासलं, फिल्टर फिरवलं. मग मला म्हणाले, "मॅडम, खाली शिरून बघता का? हॉपर सगळीकडून मोकळा आहे ना?"

मशीनखाली डाळीच्या चुणीचा थर होता. मी दसऱ्याची नवी साडी नेसलेली होते, मिलमधून परस्पर मावशीकडं जायचं होतं. मी लांबूनच वाकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "मोकळा आहे सर."

त्यांनी परत विचारलं नाही. माझं पाहणं म्हणजे त्यांचंच पाहणं, असं ते धरून चालत.

दुसऱ्या दिवशी सर नांदेडहून नवा कंट्रोलर घेऊन आले. ते तो जोडत होते, बाकीचे चहाला गेले होते. जुनी केबल सोडवायला मला खाली शिरावंच लागलं. वर पाहिलं तर दोरा डोळ्यांसमोर. चुणी बसून ताठ झालेला, हॉपर भरला की ताणला जाणारा. मी कटरनं तो कापला आणि मुठीत धरला. बाहेर येऊन सांगणारच होते.

तेवढ्यात सरांनी नवा कंट्रोलर सुरू केला. पोतं भरलं, झडप बंद झाली, वजन बरोबर. दुसरं बरोबर, तिसरं बरोबर. मिलमधली माणसं गोळा झाली. सरांचा चेहरा खुलला.

शेठनं विचारलं, "मंग जुन्याला झालं तरी काय होतं सर?"

सर विचार न करता कधी बोलत नसत. त्यांनी विचार केला. वायरी चांगल्या, अर्थिंग चांगलं, हॉपर मोकळा. उरलं सेटिंग, आणि ते त्यांनी स्वतःच इतकं फिरवलं होतं की मुळात काय होतं ते पडताळायची सोय राहिली नव्हती. म्हणाले, "सेटिंग कुणीतरी हलवलं असणार."

"पासवर्ड कुणापाशी होता?"

 सरांनी मामांकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मामा म्हणाले, "सर, म्या हात लावला न्हाई."

"मग आपोआप हललं का मामा?"

"ते मला काय म्हाईत. पर म्या न्हाई लावला."

दोरा माझ्या मुठीत होता.

त्यानंतर मी स्वतःला सांगत आले की सरांची अब्रू राखली. त्यांनीच बांधलेला देवीचा दोरा, त्यांच्याच चुकीनं बिघडलेलं मशीन, एवढ्या लोकांत कसं सांगायचं. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी हेच सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, बरं केलंस. पण ते खरं नाही. दोऱ्याची गोष्ट निघाली असती तर सरांनी पुढचा प्रश्न मला विचारला असता. काल खाली बघितलंत ना? मी त्या प्रश्नाला भ्याले होते. अब्रू राखली ती माझी.

शेठनं मामांना कामावरून काढलं नाही. मशीनवरून काढलं आणि गेटवर बसवलं. काही महिन्यांनी ते गावी निघून गेले.

आणि सर बदलले. हे मात्र माझ्या कधी ध्यानीमनी नव्हतं. बटणं कोण दाबतं, हे त्यांनी विचारणं सोडलं. हात बघणं सोडलं. आधी बसवलेल्या काट्यांकडंसुद्धा एकेक करत गेले आणि पासवर्ड बदलून आले. नवा पासवर्ड कुणालाच नाही, शेठलाही नाही, मलाही नाही. घडीची खुर्ची दुकानात भिंतीला लागली ती लागलीच.

मग लोकांचे फोन. "सर, पन्नासची गोणी बदलून तीसची लावायची हाय." आकडा बदलायला सर नांदेडहून लातूरला जायचे. एसटीतून उतरून, मिलमध्ये जाऊन, सगळ्यांना पाठ फिरवायला लावून आकडा बदलायचे आणि परत यायचे. लोकांना आधी हसू यायचं, मग कंटाळा आला. उदगीरच्या एका शेठनं तोंडावर सांगितलं, "सर, तुमच्या काट्यापेक्षा माझी सासू बरी. ती निदान घरात तरी ऱ्हाती." हळूहळू मिलवाले दुसरीकडं जायला लागले. मी दुकान सोडून स्वतःचं काम सुरू केलं, त्यालाही सर काही बोलले नाहीत. मला माणसांवर भरवसा टाकायला शिकवणारा हा माणूस माणसांकडं पाठ करून बटणं दाबत होता, आणि ते कशामुळं हे सबंध मराठवाड्यात मला आणि माझ्या नवऱ्यालाच माहीत होतं.

परवा त्यांचा फोन आला. "मॅडम, या. गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत. पासवर्ड तुम्हाला देऊन टाकतो."

मी त्यांच्या घरी गेले. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा दिला आणि त्या आत गेल्या. सर पलंगावर पाय लांब करून बसले होते.

"अजून पुष्कळ काटे चालू आहेत," ते म्हणाले. "सगळे पासवर्ड डोक्यात आहेत. सांगतो तसे पाठ करा. पण आधी शब्द द्या. मशीनवरच्या माणसाला द्यायचे नाहीत. कितीही चांगला वाटला तरी. मी एकदा फसलोय."

मी म्हणाले, "सर, तुम्ही फसला नव्हता."

मग सगळं सांगितलं. मशीनखालची चुणी, साडी, लांबून वाकणं, दोरा. देवीच्या दोऱ्यावरून सुरुवात केली असती तर त्यांच्यावर गेलं असतं, म्हणून साडीपासून सुरू केलं.

 मला वाटलं सर रागावतील. मग त्यांनी विचारलं, "किती वेढे शिल्लक होते?"

"सगळेच होते सर."

"म्हणजे पोतं जास्तच भरणार." ते स्वतःशीच म्हणाले. "बरोबर. जास्तच भरत होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "जुना कंट्रोलर चांगला होता की हो. मी तो भंगारात दिला." आणि मग, माझ्याकडं न बघता, "मामांचा नंबर आहे का?"

होता. तो मी कधीच मिळवून ठेवला होता, कधी लावला नव्हता.

"लावा. मोठ्यानं ठेवा. बोला तुम्ही."

पलीकडं पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. मामा आता गावात गिरणी चालवतात. मी नाव सांगितलं, त्यांनी ओळखलं. पट्टा बंद केला. मी सांगत गेले, ते मधूनमधून "हां" म्हणत गेले. माझं सांगून झालं.

"मॅडम," मामा म्हणाले, "हे मला कामून सांगून राहिलाव?"

"तुम्हाला कळावं म्हणून."

"मला तर तवाच म्हाईत होतं म्या हात लावला न्हाई. मला काय नवीन सांगितलं तुमी? ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा. मिलमधी सांगा."

सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मामा, मी बोलतोय."

"हां सर. लई दिसांनी. तब्येत कशी हाय?"

सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाले, "दळण खोळंबलंय सर. ठिवू का?"

तिथूनच आम्ही लातूरला निघालो. सरांना गाडीत बसवायला मी आणि बाई दोघी लागलो. लातूरच्या मिलमध्ये आता शेठचा मुलगा बसतो. त्याला मामा आठवत नव्हते. "असतील हो," तो म्हणाला, "बाबांच्या वेळचं." मला वाटलं, सांगायला फार उशीर झाला, इथं कुणाला काही देणंघेणं उरलेलं नाही. तरी आम्ही मशीनपाशी गेलो. तिथं तिशीतला एक माणूस गोण्या लावत होता. मी विचारलं, मामांचं काही ऐकलंय का.

"नाव न्हाई ठाऊक," तो म्हणाला. "पर ती गोष्ट सांगतेत की इथं. पूर्वी एकानं बटणं दाबून मशीन नासवलं म्हनून आमाला हात लावायची मनाई हाय. नवा माणूस आला की आदी तेच सांगतेत."

सर भिंतीला टेकले.

मी त्याला मशीन थांबवायला सांगितलं. आजूबाजूचे हमाल काम बंद का झालं म्हणून जवळ आले, शेठचा मुलगाही आला. मी मामांचं पूर्ण नाव घेतलं, गाव सांगितलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. दोरा मी कापला हेही, आणि लपवला हेही.  एक म्हातारा हमाल मान हलवत म्हणाला, "गेटवर बसून बसून लई वाळला होता त्यो."

मग सरांनी सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात, त्या माणसाला पासवर्ड सांगितला. त्यानं तो एकदा म्हणून पाहिला आणि कंट्रोलरकडं बघत राहिला.

"म्हंजे तीसची गोणी लावायची तर आमीच आकडा बदलायचा?"

"तुम्हीच."

"आन् चुकला तर?"

"चुकला तर परत दाबा. नाहीच जमलं तर या मॅडमना फोन करा," सर म्हणाले. "त्या खाली शिरून बघतील. आता बघतात त्या."

हमाल हसले. मलाही त्यांच्यासोबत हसावं लागलं. सर हसत नव्हते.